कान हलवणारा गणपती

अविनाश दाणी यांच्या कपाटात एक कप्पा फक्त शालींचा होता. दिल्लीतल्या त्यांच्या मंडळाच्या गणपतीत स्टेजमागचा पडदा दरवर्षी अविनाशराव रंगवत आणि शेवटच्या दिवशी शाल-नारळही त्यांनाच मिळे. नारळाची चटणी व्हायची, शाल कप्प्यात जायची. जानेवारीत दिल्लीची थंडी हाडांत शिरली की त्यांची बायको पद्मजा म्हणायची, "अहो, त्यातली एक काढा की." त्यावर अविनाशराव दुखावल्यासारखे म्हणत, "त्या पांघरायच्या नसतात." मग काय त्यांची पूजा करायची असते, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

मान काही फुकट मिळत नव्हता. माणसाच्या हातात कला होती. वडील तारखात्यात नोकरीला म्हणून दिल्लीला आले तेव्हा अविनाश पाळण्यात होता. पुढे पहाडगंजच्या मराठी शाळेत फळ्यावरचा सुविचार त्यानेच लिहायचा, कोपऱ्यात समई त्यानेच काढायची, आणि ती समई पुसायला फळा-मॉनिटरला जिवावर यायचं. मोठेपणी ते सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन झाले. कंपास न घेता गोल काढत आणि बघणाऱ्याने तोंडात बोट घातलं की म्हणत, "त्यात काय आहे!" हे म्हणताना दुसरा गोल काढायला सुरुवात झालेली असे.

पद्मजेला चित्रकला येत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिने दारात रांगोळीचा मोर काढला, तेव्हा अविनाशराव म्हणाले, "बदक छान आलंय." पहिल्या वर्षी ती हसली. पण तोच विनोद नवऱ्याने पुढे प्रत्येक दिवाळीला केला, पाहुण्यांसमोरही केला, आणि ती हसायची कधी थांबली हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सरकारी क्वार्टर सोडून दाणी कुटुंब द्वारकेला सोसायटीत राहायला गेलं तेव्हा तिथे मेट्रो नव्हती, पाणी टँकरने यायचं, आणि रात्री कोल्हे ओरडायचे. पण फ्लॅट स्वतःचा होता. मुलगी तनया हिच्या अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर आला. तनयाने त्यावर पत्ते खेळले, अभ्यास केला पद्मजेने. जनकपुरीच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मल्टिमीडियाचा कोर्स होता. "घरी बसून कंटाळतेस, जा बापडी," असं अविनाशरावांनीच मोठ्या मनाने सांगितलं. कोर्स संपला आणि गुडगावच्या एका कंपनीने तिला चक्क नोकरी दिली. इंटरनेटवरून पाठवायची शुभेच्छापत्रं बनवणारी कंपनी होती. सकाळी पद्मजेला न्यायला कंपनीची क्वालिस गाडी गेटाशी येऊन हॉर्न द्यायची. अविनाशराव त्याच वेळी डबा सांभाळत चार्टर्ड बसच्या रांगेत उभे असायचे. क्वालिस समोरून जाताना ते बुटाच्या नाड्या बांधायला वाकायचे.

पद्मजेचं काम म्हणजे हलणारी छोटी चित्रं. फडफडणारी पणतीची ज्योत, पंख मिटणारं फुलपाखरू, उघडझाप करणारं पाकीट. आगपेटीएवढं चित्र, पण हलायचं. फोटो घ्यायचा, फोटोशॉपमध्ये त्याचे तुकडे कापायचे, प्रत्येक तुकडा जरा जरा सरकवून वेगवेगळ्या थरांवर ठेवायचा, आणि मशीनने ते थर एकामागून एक दाखवले की फुलपाखरू उडायचं. एका दिवाळीत तिची पणती इमेलमधून इतकी फिरली की अमेरिकेतल्या भाच्याने ती परत तिलाच पाठवली. सोसायटीतल्या बायका बघायला आल्या. अविनाशराव पेपर वाचत बसले होते. कोणी न विचारताच ते म्हणाले, "ह्यात कला कुठली? कापाकापी आहे. कला हातात असते."

"असेल," पद्मजा म्हणाली आणि बायकांना चहा द्यायला उठली.

पोटात दुखत होतं, दुसरं काय. पुढच्या आठवड्यात ते कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या सदनात झुणका-भाकर खायला गेले असताना एक अनोळखी गृहस्थ हात पुढे करून म्हणाले, "आपण पद्मजाताईंचे मिस्टर ना?" झुणका उत्तम होता, तरी अविनाशरावांना तो तिखट लागला.

दोन हजार एक साली मंडळाला पन्नास वर्षं झाली. श्रावणात एका संध्याकाळी मंडळाच्या सेक्रेटरी वासंतीताईंचा फोन आला. अविनाशरावांनी मनात पडदा आधीच रंगवून ठेवला होता. पन्नासावं वर्ष म्हणून पन्नास दिव्यांची आरास. त्यांनी घसा साफ केला.

"बोला वासंतीताई. यंदा कापड जरा मोठं घ्या हं."

"अच्छा, अविनाशराव होय? पद्मजा आहे का? नाही, यंदा पडदा नाही करायचा. आपली वेबसाइट उघडतोय ना, तर प्रोजेक्टर लावून मोठ्या स्क्रीनवर पद्मजाचा हलता गणपती दाखवायचा. तुम्हालाही आराम हो, किती वर्षं राबलात!"

अविनाशरावांनी रिसीव्हर बायकोच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आराम म्हणे. मेल्यावर मिळतो की आराम. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो पद्मजेने फोनवर "ह्यांनाही विचारते हं" असं म्हटल्याचा. ही कोण मोठी विचारणारी!

पण माणूस खोलवर कलावंत होता, त्यामुळे नुसतं जळत बसणं त्याला जमेना. शनिवारी सरकारी कचेरीला सुट्टी असते, गुडगावच्या कंपनीला नसते. पद्मजेची क्वालिस गेली आणि तनया शिकवणीला गेली की अविनाशराव दाराला कडी लावून कॉम्प्युटरसमोर बसू लागले. बायकोच्या कोर्सच्या झेरॉक्स नोट्स शेजारी. पहिल्या शनिवारी माउस टेबलावरून पडला. पण थर म्हणजे काय, हे त्यांना चटकन कळलं. ऑफिसात नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर गटारं, त्यावर दुसरा ठेवून विजेच्या तारा, हेच तर ते जन्मभर करत आले होते. गणपती तोंडावर आले तोवर त्यांनी एक चेंडू उडवून दाखवला. स्वतःलाच दाखवला, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नव्हती. जिच्या मोराला बदक म्हणून हिणवलं तिच्याच नोट्सवरून शिकलो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

उत्सवाच्या आधीच्या शनिवारी त्यांनी पद्मजेची गणपतीची फाइल उघडली. हेतू साधा होता. चुका काढायच्या. सोंड बेढब असणार, प्रमाण चुकलेलं असणार, जेवताना सहज सांगायचं.

तिने मंडळाच्या मूर्तीचा फोटो घेतला होता. थरांच्या यादीत प्रत्येक थरापुढे छोटा डोळा होता. तो दाबला की थर दिसे, पुन्हा दाबला की लपे. अविनाशराव एकेक डोळा दाबत गेले. गणपतीचा उजवा कान किंचित मागे गेला. मग पुढे आला. पायाशी उंदराने मान वर केली. पुन्हा कान. भक्ताचं गाऱ्हाणं ऐकायला देवाने कान पुढे करावा, तसा. अविनाशरावांचे हात आपोआप जुळायला निघाले होते, ते त्यांनी मध्येच आवरले.

चूक नव्हती. ते सोंडेपासून पायापर्यंत शोधत राहिले आणि चूक सापडेना. हिला सरळ रेघ मारता येत नाही, आणि हिच्या गणपतीला जीव आहे. माझे सगळे गणपती स्टेजमागे पाटासारखे ताठ उभे राहिले. हे त्यांना त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की सहन होईना. वाईट काम असतं तर त्यांनी माफ केलं असतं.

वरच्या मेनूत सगळे थर दाबून एक करायची आज्ञा होती, फ्लॅटन इमेज. त्यांनी ती दाबली. मशीनने विचारलं, लपलेले थर टाकून देऊ का? अगदी सभ्य प्रश्न होता आणि नाही म्हणायची सोयही होती. अविनाशरावांनी होकार दिला, फाइल सेव्ह केली, बंद केली, आणि दाराची कडी काढून ठेवली.

रविवारी सकाळी आतून पद्मजेची किंकाळीच आली. "अगं बाई! गेलं सगळं!"

तनया धावली. अविनाशराव पेपर घेऊन बाहेर बसले होते. फाइलीत एकच गणपती उरला होता, गप्प बसलेला. फक्त वेग ठरवून त्याची जिफ, म्हणजे हलत्या चित्राची फाइल, करायची राहिली होती. महिनाभराच्या रात्री त्यात गेल्या होत्या. आधीची प्रत होती ती फ्लॉपी पद्मजेने पुसून दुसऱ्या कामाला घेतली होती.

"मीच झोपेत काहीतरी दाबलं असणार," पद्मजा रडत म्हणाली. "इतकं कसं कळलं नाही मला!"

"बाबांनी तर हात नाही ना लावला?" तनयाने विचारलं. "काल दिवसभर घरी तेच होते यार."

अविनाशरावांच्या हातातला पेपर स्थिर झाला.

"छे गं, काहीतरीच बोलू नकोस," पद्मजा म्हणाली. "त्यांना माउस धरता येत नाही धड. त्यांना कुठे कळतंय त्यातलं?"

वाचले. कोणी बोट दाखवू शकणार नव्हतं. वर, तनया शिकवणीला गेल्यावर डोळे पुसत पद्मजा बाहेर आली आणि म्हणाली, "वासंतीताईंना फोन करते. म्हणते, माझ्याच्याने होत नाही. तुम्ही रंगवाल ना हो पडदा? तुमचा पडदा असला की कसं भरल्यासारखं वाटतं."

हवं ते सगळं मिळालं होतं. पडदा मिळाला, शाल मिळाली, बायकोच्या तोंडून कौतुकही मिळालं. आणि अविनाशरावांच्या डोक्यात एकच वाक्य मिरचीसारखं झोंबत होतं: त्यांना कुठे कळतंय त्यातलं. खरं सांगायचं तर पश्चात्ताप नंतर आला, आधी आला तो अपमान. गुन्हेगार म्हणूनसुद्धा हिने आपल्याला मोजलं नाही. निर्दोष राहायचं तर अडाणी ठरायचं, आणि शहाणं ठरायचं तर चोर. पद्मजेने फोन उचलला. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं, आणि त्या लाल नाकाकडे बघून, उशिरा का होईना, त्यांना स्वतःची लाज वाटली.

"फोन ठेव," ते म्हणाले. "मी केलंय ते."

"काय केलंय?"

"थर. मीच दाबून एक केले."

पद्मजेने रिसीव्हर खाली ठेवला. "माझ्यावरचा आळ स्वतःवर घ्यायला कशाला बघता? तुम्हाला कुठे—"

"येतं मला!" अविनाशराव जवळजवळ ओरडले, आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. हात माउसवर गेला, न चाचपडता. फाइल उघडली, मेनू उघडला, आज्ञेवर नेऊन बाण थांबवला. मग, बसलेच आहोत तर, त्यांनी आपली लपवलेली चेंडूची फाइलही उघडून दाखवली. चेंडू उडत राहिला.

मागून पद्मजा म्हणाली, "हात छान बसलाय तुमचा."

तिच्याकडून हे ऐकायला मिळावं म्हणून अविनाशरावांनी काय काय केलं असतं. आता ऐकताना त्यांना मान वर करवेना.

"का केलंत?" तिने विचारलं.

"चांगला झाला होता म्हणून," ते म्हणाले.

"उठा," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून कापायला बसायचंय."

"मी कान कापून देतो. पटकन होईल. अगं, खरंच जमेल मला."

"नको."

ती तेवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, तनयाला सांगितलं नाही, माहेरी फोन केला नाही. चार दिवस रजा काढून बसली. अविनाशरावांनी वरण-भात लावला, चहा नेऊन ठेवला, कप परत आणला. दारातून स्क्रीन दिसायची. एका ठिकाणी कानाची कड खडबडीत राहतेय हे त्यांना दिसलं, सोपा उपायही माहीत होता. ते रिकामा कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

उत्सवात दिवे मालवले आणि भल्यामोठ्या स्क्रीनवर गणपतीने कान हलवला. सबंध हॉल "मोरया" म्हणून ओरडला. नवा गणपती पहिल्याहून उजवा होता, हे फक्त अविनाशरावांना माहीत होतं, आणि ते तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. पोटात दुखतच होतं. ते काय एका कबुलीने जातं?

शाल-नारळ घेऊन पद्मजा खाली आली तेव्हा वासंतीताईंनी दोघांना गाठलं. भोवती पाच-दहा माणसं जमली. "अविनाशराव, आता तुम्हीपण शिका हो हे! की येतं थोडंफार?"

पंधरा दिवसांपूर्वी कोणी हे विचारलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे चेंडू उडवून दाखवला असता.

"नाही हो," ते म्हणाले. "मला काही कळत नाही त्यातलं."

पद्मजेने त्यांच्याकडे पाहिलं. नारळ त्यांच्या हातात दिला आणि शाल आपल्याच खांद्यावर नीट पांघरून घेतली.

"खोटं बोलतायत," ती सगळ्यांना म्हणाली. "ह्यांना सगळं येतं. मीच हात लावू देत नाही."

माणसं खो खो हसली. बायकोच्या धाकातल्या नवऱ्यावरचा विनोद म्हणून वासंतीताईंनी तो पुढच्या घोळक्यालाही सांगितला. अविनाशरावही हसले, सगळ्यांच्या शेवटी, आणि नारळ घेऊन तिच्यामागून चालू लागले.