मनकर्णाबाईचं नाक

कळमन्याच्या बाजारामागं तिखटाची एक गिरणी आहे. तिथं मनकर्णाबाई चाळणीवर बसते. बसते कसली, राज्य करते. नवा माणूस दारातच शिंकून शिंकून अर्धा होतो. हमाल तोंडाला दुपट्टा गुंडाळून मिरचीची पोती टाकतात नि पळतात. बाई मात्र लाल धुरळ्यात मांडी घालून अशी निवांत, की सत्यनारायणाला आली आहे म्हणावं. वर पुन्हा ऐट, "मले नाही लागत बाप्पा ठसका. सवय पाहिजे!"

गिरणीचा मुकादम आनंदराव भला माणूस. मालकाच्या मागं लागून त्यानं साऱ्या बायांसाठी मास्क आणले. मनकर्णाबाईनं एका मास्कात लसूण भरून तो घरी खुंटीला टांगला आणि दुसऱ्यातून चहा गाळून पाहिला. "तोंड बांधलं तर तंबाखूचा खर्रा कोठून खाऊ गा, आनंदराव? कानातून?" बाया फिदीफिदी हसल्या आणि सगळ्यांचे मास्क हनुवटीखाली उतरले. भिंतीत धूळ बाहेर ओढणारा मोठा पंखा होता, तो बंद पडून कबुतरांच्या ताब्यात गेला होता. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कशाला काढतील? म्होरकीच इतकी शूर!

हा शूरपणा नडला तो घरी. नात झाली, गुंजन. गोबऱ्या गालांची, कोणाकडेही झेपावणारी पोर. पण आजीनं उचललं की आधी ठसका, मग नाक लाल, मग असा टाहो की सारी गल्ली गोळा. दिवसभर बाईचा जीव तिच्यातच अडकलेला असायचा. घरात पाय टाकला की पदरानं तोंड पुसून ती लेकराला छातीशी धरायची, आणि लेकरू तिला दोन्ही हातांनी लोटायचं. जिव्हारी लागायचं ते.

"आई, आधी लुगडं बदलून पाहता का?" सून प्रीती दबकत म्हणाली.

"काहून? माह्या लुगड्याले काटे आहेत काय वं?"

झालं! बाईनं स्वतःच निदान करून टाकलं. पोरीला नजर लागली आहे.

शनिवारी तिन्हीसांजेला दृष्ट काढायचा बेत ठरला. मीठ, मोहरी, मूठभर लाल मिरच्या. गुंजनवरून ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. आता यातला नियम कोणत्याही आजीला विचारा: मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर नजर होतीच म्हणून समजायचं. बाईनं शेगडीवर वाकून भरभरून श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. छे!

"अगं माय! केवढी जबर नजर! पाह्य वं प्रीती, वासाचा पत्ता नाही!"

वळून पाहते तर सून खोकून खोकून वाकलेली, गुंजनला पदरात गुंडाळून अंगणाकडे पळत होती. मुलगा रोहित नळाखाली डोकं घालून ओरडत होता, "आई, विझव ते! जीव घेतं काय आमचा?" शेजारी धडाधड खिडक्या लावत होते.

धुरानं भरलेल्या खोलीत बाई एकटीच ठणठणीत उभी राहिली. मग हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला. नजर पोरीला लागली नव्हती. आपलंच नाक मेलं होतं. पोर आजीला नव्हे, आजीच्या अंगावरच्या तिखटाला भीत होती.

सोमवारपासून कामाचं लुगडं गिरणीतच राहू लागलं. घरी आल्यावर आधी मोरी, डोक्यावरून पाणी, साबण, धुतलेलं लुगडं, आणि मगच नात. पहिल्या दिवशी गुंजननं नुसतं टकमक पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन आली आणि आजीच्या खांद्यावर मान टाकून चक्क झोपली. बाई इतकी हरखली की हलेचना. मग तिनं हळूच पोरीच्या टाळूला नाक लावलं.

"प्रीती, आज टाळूले तेल नाही लावलं काय?"

"लावलं ना आई, आत्ताच. एवढा वास सुटला आहे, येत नाही का?"

"येते ना," बाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू व्हायच्या वेळेला मनकर्णाबाई चाळणीवर नव्हती. नाकातोंडावर घट्ट मास्क बांधून ती दारात बसली होती आणि बाकीच्या बायांनाही तिनं आत जाऊ दिलं नव्हतं. आनंदराव धावत आला.

"आज काय झालं वं, मनकर्णाबाई?"

"आधी तो पंखा सुरू करा. मंग चाळण हालन."

"अवं, पण आजवर तुलेच तर काही लागत नव्हतं!"

बाईनं शेजारी बसलेल्या वंदनाकडे बोट दाखवलं. पोरीला सातवा महिना लागला होता.

"मले माह्या नातीच्या टाळूचा वास येत नाही, आनंदराव. इले तिच्या लेकराचा येऊ द्या."

आनंदराव शिडी आणायला गेला.