दारावरची टकटक

आम्ही राहायचो ते इंग्लंडमधलं बंदर एकेकाळी लाकडाच्या वखारींचं होतं. वखारी गेल्या, त्याच लाकडाची दारं-खिडक्या असलेली व्हिक्टोरियन घरं उरली.

शेजारचे आजोबा जन्मभर वखारीत होते. ते कधी बेल वाजवायचे नाहीत. बोट वाकवून दारावर टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. मी दार उघडलं की आधी, "बाल्टिक पाइनचं लाकूड. अजून शंभर वर्षं हलणार नाही," आणि मग गुड मॉर्निंग.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात फटींतून येणाऱ्या वाऱ्याला कंटाळून आम्ही प्लास्टिकचं दार बसवलं. शनिवारी आजोबा आले. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी सवयीने बोट वाकवलं, दारापाशी नेलं आणि थांबले.

मग बेल कुठे आहे ते शोधू लागले.