ठोकणारा आणि ऐकणारा

कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मामांनी पेपरातून मान वर केली नाही, तेव्हा वैजयंताला चैन पडेना. सासऱ्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण कमी म्हणजे किती, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. आणि उद्या रविवारी, त्यांनी तपासून पास केलेल्या इंजिनामागे, पहिल्याच डब्यात तिची मुलगी संघप्रिया बसणार होती.

तिचे सासरे कोंडिराम मूळचे बीडकडचे. तरुणपणी मुंबईला आले आणि रेल्वेच्या कारखान्यात बॉयलरच्या खात्यात चिकटले. त्या खात्यात जायला फारसं कोणी राजी नसे, म्हणून तिथे जागा होती. बॉयलर म्हणजे वाफेच्या इंजिनाचं पोट. अंगाने बारीक असलेल्या माणसाला त्या पोटात पाठवत. बाहेरून दोघे-तिघे पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटवर घण घालत आणि आतला माणूस दुसऱ्या बाजूने लोखंडाचा ठोकळा टेकवून धरी. देवळातल्या घंटेच्या आत बसावं आणि बाहेरच्यांनी ती बडवावी, तसलं ते काम. कोंडिराम बारीक होते. त्यांची कित्येक वर्षं आतच गेली.

त्या खात्यात सगळे हातवाऱ्यांनी बोलत, नाहीतर ओरडून. तीच सवय घरात आली. वैजयंता नवी नवरी होती तेव्हा तिला वाटायचं, सासरे सारखे रागावलेले असतात. "दादांनी चहा मागितला की तीन घरांत आधण चढतं," असं वडिलांना दादा म्हणणारा उत्तम, तिचा नवरा, हसत म्हणायचा. लग्नाआधी बी.ए. झालेल्या वैजयंताला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. उलट कारखान्यातल्या गोष्टी तिलाच जास्त सांगत.

वाफेची इंजिनं भंगारात निघायला लागली त्याच सुमारास, अठ्ठ्याऐंशी साली, कोंडिराम निवृत्त झाले आणि सगळं घर क्वार्टर सोडून नवघरला नव्या इमारतीत आलं. तिथे त्यांना करायला काही नव्हतं. नळ दुरुस्त करत. पाण्याचा टँकर आला की रांग लावून देत. इमारतीतल्या पोरांना जिना चढताना दामटत. असं सात-आठ वर्षं चाललं.

मग वरसाव्याच्या पुढे, घोडबंदर रोडला, एका शेठने बाग काढली. एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचं उसाच्या गाड्या ओढणारं छोटं इंजिन त्याने विकत आणलं. झाडांमधून गोल रूळ टाकले. लोकांना खऱ्या वाफेच्या गाडीत बसवायचं, अशी कल्पना होती. बागेचा मॅनेजर नीलेश जुना माणूस शोधत शोधत नवघरला पोचला. कोंडिरामांनी त्याचं बोलणं पुरतं ऐकून न घेताच चपला घातल्या.

ते वर्ष त्यांचं होतं. अंगाला तेलाचा वास, नखांत काजळी, आणि जेवताना नातीला इंजिनाचे धडे. आग पेटते ती पेटी सपाट पत्र्यांची असते, तिच्याभोवती पाणी, आणि पाण्याच्या बाहेर आणखी एक पत्रा. वाफ चढली की सपाट पत्रा फुगू बघतो. म्हणून आतला नि बाहेरचा पत्रा शेकडो दांड्यांनी एकमेकांना बांधून ठेवलेला असतो. त्यांना स्टे म्हणतात.

"गादीला टाके असत्यात ना, तसं," ते संघप्रियाला म्हणाले. "टाका तुटला की कापूस सरकतो. इथं वाफ पत्रा ढकलती."

"आणि खूप टाके तुटले तर?"

"तर गादीवर बसायचं नाय," म्हणून ते गडगडाटी हसले.

स्टे तुटतो तो आत, पाण्यात. बाहेरून दिसत नाही. म्हणून एकेकाच्या टोकावर हातोडी मारून बघतात. धड असेल तो खणकन बोलतो, तुटलेला मुका राहतो. हे काम दोघांचं. एकाने ठोकायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि मुक्यावर खडूने फुली मारायची. कोंडिरामांचा जोडीदार दत्ताराम. "मी ठोकणार, दत्ताराम ऐकणार. जोडी कधी फुटली नाय," हे ते इतक्या वेळा सांगत की घरच्यांना पाठ झालं होतं. सगळे त्याला मैत्री समजत. दत्ताराम दोन वर्षांपूर्वी वारला.

गुरुवारी डबा घेऊन वैजयंता बागेत गेली तेव्हा मामा एकटेच ठोकत होते. ती शेडच्या दाराशी उभी राहिली. खण, खण, खण. मग एक ठोका वेगळा आला. बसका. माठ घेताना ती बोटाने वाजवून घ्यायची. तडा गेलेल्या माठाचा आवाज तिला न चुकता कळायचा. हा तसाच होता. मामांचा हात पुढच्या स्टेवर गेला. खडू खिशातच राहिला.

"झाले का हो सगळे?" परतताना बसमध्ये तिने विचारलं.

"काय?"

"सगळे बोलले का?"

"सगळे बोलले," ते म्हणाले.

रात्री तिने उत्तमला सांगितलं. तो हसला. "माठाची परीक्षा इंजिनाला लावतेस? उभा जन्म गेला त्यांचा त्यात. आणि पाण्याचं प्रेशर देऊन बघितलंय, नीलेश म्हणाला. टिकलं ना?"

"नीलेश असंही म्हणाला की मामांनी पास केलं म्हणजे पास."

"मग झालं तर."

शनिवारी दुपारी, कुकर उतरवून, ती मामांसमोर बसली. उद्याच्या पहिल्या फेरीला हिरवी झेंडी तेच दाखवणार होते. त्यासाठी इस्त्री करून आणलेला शर्ट दाराला लटकत होता. हळू विचारायची गोष्ट होती, पण हळू विचारून भागणार नव्हतं.

"मामा, दत्तारामकाका नव्हते. मग या वेळी ऐकलं कोणी?"

"आँ?"

"ऐकलं कोणी, म्हणते!"

शेजारच्या दारातून डोकं बाहेर आलं. "भाभी, झगडा हो गया क्या?"

"नहीं नहीं, बात कर रहे हैं," असं म्हणून वैजयंताने दार लावलं आणि खुर्ची जवळ ओढली. या वेळी तिने एकेक शब्द सुटा, ओठ नीट हलवून विचारला.

मामांनी उजवा तळहात पुढे केला. "याला कळतं. धड असला की हातोडी उडती. मेला असला की बसती."

"सगळे कळतात?"

"बहुतेक."

"काकांना माहीत होतं?"

"त्यानंच तर सांभाळून घेतलं. सायबाला कळलं असतं तर खात्यातून काढून झाडू हातात दिला असता. त्याच्यासाठी आलो होतो का मी मुंबईला?"

वैजयंताने गुरुवारचा तो बसका ठोका सांगितला. डाव्या अंगाला, वरच्या ओळीत. मामांनी डोळे मिटले, जणू ती ओळ पुन्हा हाताखालून घालत होते.

"उद्याचा दिवस जाऊ दे, वैजा," ते म्हणाले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ते एवढ्या बारीक आवाजात बोलत होते. "सोमवारी मी सोताच सांगतो नीलेशला. एक दिवसानं काय होतंय? आन् असं कर, आपल्या पोरीला शेवटच्या डब्यात बसव."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्याही ध्यानात आलं. त्यांनी पेपर उचलला, पण उघडला नाही.

पहिल्या डब्यात मग दुसऱ्या कोणाची तरी पोरं बसणार. पेणकरपाड्याच्या शाळेतली मुलं येणार होती, नीलेशने त्यांना फुकट बोलावलं होतं. दांडा बदलेपर्यंत थांबा एवढंच सांगून भागेल का, याचा तिने विचार केला. नीलेश म्हणाला असता, मामा पास म्हणालेत. तेव्हा खरं कारणच सांगावं लागणार होतं. मामांना ऐकू येत नाही, हे त्यांच्या आयुष्यात कोणी न सांगितलेलं वाक्य.

फोन तिथेच हॉलमध्ये होता. त्यांच्याकडे पाठ करून बोलली असती तर त्यांना एक अक्षर कळलं नसतं. वैजयंताने फोन उचलून त्यांच्यासमोरच्या टीपॉयवर आणला, त्यांना आपले ओठ दिसतील अशी बसली, आणि बागेचा नंबर फिरवायला घेतला.