चिंचोक्यांची मोजणी

तुम्ही नातवंडांनी कॉम्प्युटरवर शोधून पाठवलेला जुना अहवाल मी मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि दोनदा वाचला. खाली तुम्ही लिहिलं आहे, "आजी, केवढं काम केलंस तू!" अहवालाचं इंग्रजी चांगलं आहे. ते माझंच आहे. पण शेवटच्या तक्त्यातून एक ओळ गाळलेली आहे आणि ती गाळणारीही मीच. ती ओळ कोणाची होती, एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून हे लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकात मी कृषी विद्यापीठाच्या विस्तार विभागात होते. एकात्मिक कीड नियंत्रणाचा कार्यक्रम राज्यभर चालला होता आणि त्यातल्या शेतांच्या नोंदींची सगळी कार्डं माझ्या टेबलावर यायची. कल्पना साधी होती. पिकावर कीड दिसली की लगेच औषध मारायचं नाही. आधी ती मोजायची, कारण शेतात कीड खाणारे कोळी आणि भुंगेरेही असतात आणि औषधाने तेही मरतात. मोजणी ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तरच फवारायचं. शेवटी शेतकऱ्याने स्वतः मोजायला शिकावं, हे आमचं ध्येय पहिल्याच पानावर छापलेलं होतं. ते वाक्यही माझंच.

मुळशी तालुका पुण्याजवळ, म्हणून तिथली शेतं मी स्वतः बघायची. दर गुरुवारी एसटीने पौडला जायचं, तिथल्या कचेरीत कार्डं गोळा करायची आणि जीप मिळाली तर पुढे कोळवणच्या खोऱ्यात जायचं. तिकडे मला 'किडेवाल्या बाई' म्हणत. पहिल्या सभेत एक म्हातारा उठून म्हणाला, "बाई, पुन्यात डास लई झाल्यात म्हनं. ते मोजा की आदी!" दुसरा म्हणाला, "मारायचं न्हाई, नुसतं मोजायचं? मंग पाव्हन्यावानी पाट मांडू का किड्यास्नी?" सगळे हसले, मीही हसले.

त्या हसण्यात एक बाई नव्हती. चाळिशीची असेल. नवरा उरवड्याच्या बाजूला कारखान्यात, सुट्टीपुरता घरी यायचा. शेत तीच बघायची. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली.

"औषद मारलं की खाचरातलं खेकडं मरत्यात, बाई. माजी पोरं खेकडं खात्यात. तुमचं खरं आसंल तर माजं मधलं खाचर घ्या."

मधलं खाचर म्हणजे तिचं बियाण्याच्या भाताचं. त्यात आंबेमोहर असायचा, सासूने निवडून निवडून राखलेला. अर्धी वाडी तिच्याकडून बियाणं न्यायची. ते खाचर तिने माझ्या शब्दावर प्रयोगाला दिलं.

आता नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरतं. दर बुधवारी आमचा निरीक्षक वीस चुडांवरची, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांवरची, कीड मोजी. लागोपाठ दोन बुधवार आकडा वर गेला तरच फवारणीचा सल्ला द्यायचा, आणि कार्डावर निरीक्षकाची सही हवीच. सहीचा नियम मी घातला होता. आदल्या वर्षी दुसऱ्या एका तालुक्यात फुकटच्या औषधासाठी लोकांनी वाटेल ते आकडे लिहून पाठवले होते. त्यानंतर शेतकऱ्याच्या मोजणीवरचा माझा विश्वास उडाला. तसं मी कुठे लिहिलं नाही, नियम मात्र केला.

त्या साली नवरात्रात तिच्या खाचरात तपकिरी तुडतुडे वाढले. हे किडे भाताच्या बुडाशी, पाण्याच्या वर गर्दी करतात आणि रस शोषतात. वरून पीक हिरवंगार दिसतं. बुधवारचा आकडा वर गेला होता. पुढच्या बुधवारी दसरा आला. निरीक्षक रजेवर गेला आणि कार्डाचा तो रकाना कोरा राहिला.

गुरुवारी मी पौडच्या कचेरीत बसले होते. ती दारात आली. हातात कापडी पिशवी.

"बाई, काल तुमचा मानूस आला न्हाई मोजाया."

"दसरा होता ना, ताई. रजा होती त्याला."

"किड्यास्नी न्हवती रजा."

तिने पिशवी टेबलावर उपडी केली. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या छोट्या छोट्या गाठी बाहेर पडल्या.

शेजारचा कारकून म्हणाला, "मॅडम, मावशी सोनं वाटायला आल्यात वाटतं. एक दिवस उशीर झाला हो, मावशी!"

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मी मोजलं, बाई. तुमच्यावानीच. बांधाकडची सोडून, तिरकी चालत, वीस चुडं. चूड वाकवून बुडाशी बगितलं. एका किड्याला एक चिंचोका, एका चुडाची एक गाठ. कोळी निराळं मोजल्यात, त्येंचं खडं हायेत गाठीत."

मी एक गाठ सोडली. ओंजळभर चिंचोके आणि एक खडा. दुसरी सोडली. तसेच चिंचोके, खडा नाहीच. आकडा कितीतरी वर गेला होता, हे मला तिथेच कळलं. आमचा निरीक्षक कधी कधी बांधावर उभा राहूनच कार्ड भरतो, हेही मला माहीत होतं. माझ्यासमोर पडली होती ती त्या वर्षातली सर्वांत चोख मोजणी.

मी म्हणाले, "ताई, कार्डावर सही लागते. पुढच्या बुधवारी रीतसर मोजणी होईल. तोवर औषध मारू नका."

"मंग पानी तरी काढून टाकू का? बुडाशी वलावा हाय म्हून बसत्यात ती."

तिचं बरोबर होतं. पाणी काढणं हा उपाय आमच्याच पत्रकात होता. पण तो दुसऱ्या पानावर, सल्ला मिळाल्यानंतर करायचा. मी म्हणाले, "नको. मध्येच काही बदललं तर आकड्यांचा मेळ लागणार नाही."

गाठी टेबलावरच ठेवून तिने रिकामी पिशवी घडी केली. "थांबा म्हंता? थांबते मग."

आणि ती थांबली. वरच्या खाचरवाल्याने पौडच्या दुकानातून औषध आणून मारलं. खालच्याने पाणी काढून टाकलं. तिने काही केलं नाही, कारण तिला मी सांगितलं होतं.

बुधवारी मी निरीक्षकाबरोबर गेले. वर हिरवं, खाली हिरवं आणि मध्ये तिचं खाचर. तापलेले तवे टेकवावेत तसे गोल करपलेले डाग, एकमेकांत मिसळलेले. लोंब्या बाहेर आल्या होत्या, पण पोकळ. ती बांधावर बसली होती. निरीक्षक चिखलात उतरायला बिचकत होता.

"उतरा की," ती त्याला म्हणाली. "मोजा. आज तर सही हाय न्हवं?"

पुण्याला येऊन मी तक्ता करायला घेतला. त्या खाचराची एक बुधवारची नोंद नव्हती. नियमाप्रमाणे 'निरीक्षण अपूर्ण' असा शेरा मारून ओळ वगळता येत होती. कुणी मला वगळायला सांगितलं नाही. साहेबांनी विचारलंही नाही. मी पट्टी लावून त्या ओळीवर रेघ मारली आणि तक्ता टायपिंगला दिला. तो फार सुबक झाला. फवारण्या कमी, उत्पन्नात घट नाही. तुम्हाला आवडला तो हाच.

उन्हाळ्यात कोळवणला मेळावा झाला. मोठ्या फलकावर तोच तक्ता मराठीत लावला होता. माणसं पांगल्यावर ती फलकासमोर येऊन उभी राहिली.

"वाचून दावा, बाई. सगळं."

मी एकेक गाव आणि एकेक ओळ वाचत गेले. तक्ता संपला.

"माजं खाचर कुटं हाय?"

"तुमचं निरीक्षण अपूर्ण राहिलं, ताई. त्यामुळे ते धरता आलं नाही."

"अपुरं? वीस गाठी हुत्या."

मी फलकाची दोरी सोडायला घेतली.

"पीक गेलं, जाऊ द्या. कीड हाय ती, खानारच. पन मी मोजल्यालं तुमी खोटं धरलं."

"मी खोटं म्हणाले नव्हते."

"खरं तरी कुटं म्हनाला?"

पुढच्या पावसाळ्यात तिने दुकानातलं बियाणं लावलं आणि दुकानदार सांगेल तेव्हा औषध मारलं. वाडीतल्या बाकीच्या बायकांनीही तेच केलं. सासूचा आंबेमोहर कणगीत उरला नव्हता. मी एकदा त्या बाजूला गेले, चपला काढून खाचरात उतरणार, तेवढ्यात ती दुरून ओरडली, "बांधावरनंच बगा, बाई!" मी बांधावरूनच पाहिलं आणि परत फिरले. त्याच वर्षी मला बढती मिळाली.

छापून घेतलेला अहवाल तुम्हाला पोस्टाने पाठवते आहे. शेवटच्या तक्त्याखाली मी पेनने एक ओळ लिहिली आहे: कोळवण खोरे, मधले खाचर, वीस चुडे, मोजणी शेतकरी बाईची. पुढे आकड्याची जागा कोरी आहे. त्या दिवशी मी दोनच गाठी सोडल्या होत्या. बाकीचे चिंचोके कारकुनाने पोरींना खेळायला घरी नेले.