बटणांची फळी

पुनर्वसन केंद्राच्या खिडकीतून मी ह्यांच्याकडे बघत होते. छापखान्यातल्या मशीनमध्ये उजवा हात सापडल्यापासून ह्यांची बोटं आखडलीत. पुन्हा कामावर जाता येईल का, ते इथे तपासतात. ह्यांच्यासमोर एक फळी होती आणि तिच्यावर ताणलेल्या कापडाला शर्टाची बटणं. शेजारी घड्याळ घेऊन बसलेली मुलगी मानसशास्त्रात संशोधन करते. दुखापत झालेल्या माणसाला कामाची उमेद कशानं येते, ते तिला मोजायचंय.

"काका, आज कालच्यापेक्षा लवकर होतंय का बघू," ती म्हणाली. ह्यांनी ओठ दाताखाली धरून एकेक करत सगळी बटणं लावली आणि वर तिच्याकडे बघून हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी हेच गृहस्थ शर्ट अंगात अडकवून बटणं लावून घ्यायला माझ्यापुढे उभे राहतात. एखादं तरी लावून बघा, असं मी रोज विनवते. माझ्या विनवण्यात नाही असं त्या पोरीच्या घड्याळात काय आहे? उमेदीला परकं माणूसच लागतं की काय, कोण जाणे. घरच्या माणसासमोर ती हातपाय पसरून निजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घातल्यावर ह्यांचा हात आपणहून वरच्या बटणाकडे गेला. बोटं नीट वळत नव्हती, पण बटण काजात शिरत होतं. मी पुढे होऊन तो हात बाजूला केला.

"राहू द्या, उशीर होतोय," मी म्हटलं.

त्या दिवशी रविवार होता. आम्हाला कुठेच जायचं नव्हतं.