शेवटचं बोलणं

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आत्याला मुलगा झाला. गावात इतकी माणसं गेली होती की त्या बाळाला नुसतं बघायला बायका लांबलांबच्या शेडमधून यायच्या. पुढे दहावीला चांगले मार्क पडले म्हणून त्याला लातूरला क्लासला ठेवलं. खोलीत दोघं. दुसरा कंधारकडचा, सतरा वर्षांचा. बारावीच्या वर्षी मोबाईलवरून भांडण झालं आणि त्या दुसऱ्यानं भाजी कापायचा चाकू मारला. मारला त्यानंच, आणि रिक्षात घालून दवाखान्याकडे नेलंही त्यानंच. आमचा भाऊ वाटेतच गेला.

वय कमी म्हणून त्या मुलाला सुधारगृहात ठेवलं. आत्याचे यजमान, आमचे मामा, म्हणायचे, "चाकू धरायला मोठा आन् शिक्षेला लहान? फाशीच पायजे." मलाही तेच वाटायचं. आत्या उठून चुलीकडे जायची.

साक्षीच्या दिवशी मी तिच्यासोबत लातूरला गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात तो मुलगा बाकावर बसलेला. सुट्टीत तो आत्याकडे राहून गेला होता; तिच्या हातची धपाटी त्याला लई आवडायची. तिला बघून तो उठला. मला वाटलं, ही आता त्याच्या तोंडात मारणार.

तिनं विचारलं, "रिक्षात काही बोलला का रे त्यो?"

"आईला लगेच सांगू नको, भिईल म्हणला." त्याला रडू आवरेना. "पाणी मागितलं. मी दिलं, मावशी."

आत्यानं त्याला जवळ घेतलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. बाकावर त्याच्या शेजारी बसून राहिली, आत बोलावणं येईपर्यंत.

पुढे दुसऱ्याच एका प्रकरणावरून टीव्हीवर रोज चर्चा सुरू झाली, अशा पोरांना फाशी द्यावी का म्हणून. एका दुपारी घरात पाहुणे होते. सगळे फाशीच्या बाजूनं. शेंगा फोडता फोडता आत्या म्हणाली, "माझ्या लेकराचं शेवटचं बोलणं त्या पोरानंच ऐकलं. त्याला मारून मी कुणाला इचारू?"

मामांनी टीव्ही बंद केला. "तुला सांगितलं व्हतं त्यानं?"

"हाव. तुम्ही कधी इचारलंच न्हाई."

मग तिनं सगळं सांगितलं. मामांचं मत काही बदललं नाही. आजही ते फाशीच म्हणतात. पण त्या दुपारी ते तिच्याजवळ सरकून बसले आणि एकच विचारत राहिले, "पाणी पिला का गं त्यो? नीट पिला का?"