खूप थांबवलं तुला

काका छप्पन वर्षांचे झाले तरी विमानात कधी बसले नव्हते, आणि त्या रविवारी दुपारी दोनपासून शंभर-सव्वाशे विमानं त्यांच्या शब्दावाचून जागची हलत नव्हती. विमानं अर्थात खोटी. घरी कॉम्प्युटरपुढे बसून विमान चालवण्याचा खेळ खेळणारी माणसं जगभर आहेत. त्यांतलीच काही हौसेनं कंट्रोलर होतात, हेडफोन लावून बाकीच्यांना वाट दाखवतात. वर्षातून दोनदा मोठा मेळा भरतो आणि त्या दिवशी झाडून सगळ्यांना एकाच विमानतळावर उतरायचं असतं. तासाला उतरू शकतात छत्तीस, येऊ बघतात नव्वद. मग कोणी किती वाजता निघायचं हे ठरवायला एक खमका माणूस लागतो. तो माणूस म्हणजे काका.

पाणीपुरवठा कचेरीत तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? कुठल्या वस्तीला किती वाजता पाणी सोडायचं, कोणाला ताटकळत ठेवायचं, आणि फोनवर शिव्या खाताना आवाज कसा चढू द्यायचा नाही. खेळातही त्यांचं एकच पालुपद असे: "वर जाऊन घिरट्या घालू नका, खालीच उभे राहा." लोक मुकाट ऐकायचे.

खरं सांगायचं तर त्या दिवशी काका खोलीत दडून बसले होते. मुलीला दूरच्या गावी नोकरी लागली होती आणि पाच वाजता तिला न्यायला गाडी येणार होती. महिन्यापूर्वी काका रागाच्या भरात बोलून बसले, "माझ्या तोंडून 'जा' ऐकशील तेव्हाच जायचं." पोरगीही त्यांचीच. म्हणाली, "ठीक आहे बाबा. तुम्ही म्हटल्याशिवाय नाही जाणार." तेव्हापासून काकांनी त्या विषयावर तोंडात मिठाची गुळणी धरली. बॅगा भरल्या गेल्या, गाडी ठरली, पोरगी रोज त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

ते दुष्ट होते असं कोणी समजू नये. घाबरले होते, झालं. घरात नवराबायकोचं बोलणं गेली कित्येक वर्षं पोरीमार्फतच चालायचं. "बाबांना सांग, ताट वाढलंय." "आईला सांग, येतो." ती गेल्यावर कोणी कोणाला काय सांगायचं? मेळ्याची तारीख आणि गाडीची तारीख एकच निघाली तेव्हा त्यांना देव पावल्यासारखं झालं. सहापर्यंत हेडफोन कानावर. गाडी दारात येईल, ड्रायव्हर हॉर्न वाजवेल आणि कंटाळून रिकामा परत जाईल.

पण साडेचारला धावपट्टीच्या ऐन मधोमध एकाचं विमान ठप्प झालं, आणि त्या हौशी वैमानिकाला ते बाजूला घेता येईना. मागची सतरा विमानं आकाशात गोल गोल फिरू लागली. काकांनी सगळीकडची उड्डाणं रोखली. नवी यादी केली, ती मोडली, पुन्हा केली. सहा कंट्रोलर एकदम कानात ओरडत होते. लघवीला जायची सोय नव्हती, पाणी प्यायची तर नव्हतीच. दडायला म्हणून निवडलेल्या खोलीत काका पुरते कोंडले गेले.

या गोंधळात एक बाई हेडफोनवर थेट त्यांच्याशीच बोलायला आल्या. एरवी दातांच्या डॉक्टर, आज वैमानिक. आवाज लेकीच्या वयाचा, रडवेला होता. "काका, पन्नास मिनिटं इंजिन चालू ठेवून बसलेय. दोनदा निघायची वेळ दिलीत आणि दोनदा काढून घेतलीत. एकदाच काय ते सांगा. जाऊ की नको?"

काकांनी यादी पाहिली. बाईंचं खरं होतं. घाईघाईत काकांनी दोन्ही वेळा त्यांनाच मागं ढकललं होतं. ते वरमले.

"जा बाई, जा," ते म्हणाले. "खूप थांबवलं तुला. चूक माझीच झाली. आता कोणी अडवणार नाही, नीघ."

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. काकूंनी चहा आणला असेल, असं समजून काकांनी मागं न बघताच पंजा वर केला, एक मिनिट थांब म्हणून. हात खांद्यावर क्षणभर दाबला गेला आणि निघून गेला.

पावणेसहाला रांग जरा सैल झाली. घड्याळाकडे बघून काकांनी सुस्कारा सोडला. गाडी परत गेली असणार. हेडफोन टेबलावर ठेवून ते बाहेर आले.

काकू जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. डोळे लाल, चेहरा मात्र कित्येक वर्षांत नव्हता इतका मोकळा. "शेवटी म्हणालात हो," त्या म्हणाल्या. थेट त्यांच्याशीच बोलल्या. "मी दारातच उभी होते. तिनं विचारलं, 'बाबा, निघू?' मला वाटलं, आताही गप्प बसणार तुम्ही. तर तुम्ही चक्क चूक कबूल केलीत! तिनं खांद्यावर हात ठेवला, तर न वळता हातानंच निरोप दिलात. रडत होतात ना? पोर समजली."

काकांनी दाराकडे पाहिलं. "गाडी?"

"गेली की."

फोन वाजला. मुलगीच होती. "बाबा, तिकडे कितीही जड गेलं तरी निभावेन आता. तुमचे ते शब्द पुरतील मला."

काका नुसतं "हं" म्हणाले. फोन ठेवून ते बायकोकडे वळले. हिला तरी खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

काकूंनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला फक्त अडवता येतं. म्हणून मीही बोलायचं टाकलं होतं." मग हळूच विचारलं, "मनापासून म्हणालात ना?"

आतल्या खोलीतून हेडफोनमधला बारीक आवाज ऐकू येत होता. "काका? काका, आहात का? कोणाला सोडू?"

"मनापासून," काका म्हणाले.

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. चाळीस विमानं खोळंबली होती, आणि काकांना हात सोडवून घेता येईना.